किंचित तिरका ठिपका

संस्कृती टिकवायची असेल तर ती चौकटीत बसवून वर काच लावावी, याबद्दल विचारी माणसांत आता दुमत राहिलेलं नाही. इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या उल्हासनं तर हे कार्य एकट्यानं अंगावर घेतलं आहे.

त्याच्या घरी जुन्या जर्मन नाटकांची त्रेचाळीस पोस्टरं आहेत. जिन्यात एकोणीस, बैठकीच्या खोलीत बावीस आणि टॉयलेटमध्ये दोन (ही विनोदी नाटकांची असावीत, असा अंदाज). पाहिलेली जर्मन नाटकं शून्य. येणारे जर्मन शब्द चार, पैकी तीन वॉशिंग मशीनवरचे. पण भाषा न येणं हेच त्याच्या रसिकतेचं बळ आहे. "अर्थ कळला की अक्षर दिसेनासं होतं," असं तो पाहुण्यांना सांगतो. जेवण वाढायच्या आधीच सांगतो. नंतर पाहुणे थांबत नाहीत.

अशात त्याच्या बायकोनं, वैभवीनं, नाटक लिहिलं. आयुष्यातलं पहिलंच. नोकरी सांभाळून सात महिने दर रविवारी गार पडलेल्या स्काउट हॉलमध्ये तालमी केल्या. तिथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी कमलाकरकाका म्हणाले, "घरात एवढा जाणकार असताना पोस्टर बाहेरून कशाला करून घ्यायचं?"

मंडळाच्या पोस्टरला परंपरा आहे. त्यावर तारीख, हॉल, पार्किंग, समितीच्या आठ जणांचे फोटो, जाहिरात देणाऱ्या मॉर्गेजवाल्याचा नंबर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत 'नाटकानंतर मिसळ' असतं. उल्हासनं एकेक गोष्ट काढत नेली. आधी मॉर्गेजवाला गेला, मग समिती, मग मिसळ. शेवटी काळ्या कागदावर फक्त एक लाल ठिपका उरला, किंचित तिरका. (गोल ठिपका तिरका कसा, हे समितीत कुणी विचारलं नाही. विचारणारा अडाणी ठरला असता.)

चारशे प्रती छापून आल्यावर वैभवीनं पोस्टर उलटंपालटं करून पाहिलं.

"उल्हास, नाव कुठंय नाटकाचं?"

"नाव दिलं की कल्पनाशक्ती संपते."

"तारीख?"

"वैभवी, तारीख ही दुधाच्या बाटलीवर असते."

"अरे, पण माणसं येणार कशी?"

"कुठे?" उल्हासनं विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

मंडळाच्या घटनेनुसार प्रत्येक कार्यक्रमाचा ग्रूपवर एकच मेसेज जातो, तोही सेक्रेटरींकडून. दुसरा गेला तर त्यास स्पॅम समजण्यात येतं. काकांनी पोस्टरच टाकलं. एकशे बारा अंगठे आले, चौतीस टाळ्या, आणि अक्षयाचं "सो मिनिमल!" तारीख कुणीही विचारली नाही. वैभवीनं दहा-बारा जणांना फोन केले. सगळे म्हणाले, "पोस्टर काय सुंदर झालंय गं!" आणि फोन पोस्टरवरच संपले.

नाटक ठरल्या दिवशी झालं. खुर्च्या एकशे ऐंशी, प्रेक्षक सात. त्यातल्या एका इंग्रज आजीबाई ठिपका पाहून रक्तदानाला आल्या होत्या. त्या मात्र शेवटपर्यंत बसल्या आणि दोनदा रडल्या. शेवटच्या प्रवेशात वैभवी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत अशी काही बोलली, की प्रकाशयोजना करणारा देव नावाचा पोरगा दिवे घालवायचं विसरला.

हे सगळं देवनं नंतर सांगितलं. उल्हास तेव्हा बाहेर फॉयरमध्ये होता. तिथलं पोस्टर उजवीकडे दोन मिलिमीटर कलल्यामुळे ठिपका सरळ दिसू लागला होता, आणि ही गोष्ट तशीच सोडून देण्यासारखी नव्हती. पाहिलेली नाटकं : एकूण, सर्व भाषांत मिळून, शून्य.

संग्रहात आता चव्वेचाळीस पोस्टरं आहेत. चव्वेचाळिसावं दारासमोरच आहे. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे थबकतो, मान तिरकी करतो, कागद कोणता, शाई कुठली, फ्रेम कुणी केली, ते विचारतो. वैभवी चहाचा ट्रे धरून शेजारी उभी असते. नाटक कशावर होतं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

इथवर वाचत आलात, तरी आपणही विचारलं नाही. पण ठिपका आवडला ना?