मीठ बरोबर आहे

घड्याळजींचा डावा डोळा तीन महिने गळत होता. रडणं नव्हे, गळणं. उजवा शहाण्यासारखा कोरडा बसलेला असायचा आणि डाव्याचं आपलं सुतक चालू. गिऱ्हाईक घड्याळ पुढे करायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

खरं सांगायचं तर घड्याळजींना त्या पाण्याचा रागही येत नसे. भरल्या डोळ्यातून पाहिलं की भिंतीवरची घड्याळं हळूहळू विरघळू लागत. काटे लांबत, आकडे एकमेकांत मिसळत, दिव्याला पाकळ्या फुटत, आणि किती वाजले हे घड्याळांनाही सांगता येऊ नये अशी एक मऊ वेळ दुकानात उतरत असे. घड्याळजी तीत खुशाल डुंबत बसत. पण भिंग लागायचं ते डाव्याच डोळ्याला. तीस वर्षांची सवय. उजव्याला लावलं की बोटं चाचपडायची. परवा एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या उघड्या घड्याळात टपकन थेंब पडला आणि केसाएवढ्या स्प्रिंगला गंज चढला. हा डोळा गेला तर दुकान गेलं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"उद्या डॉक्टरकडे," बायको म्हणाली. "आणि मी बरोबर येणार. तुम्ही एकटे गेलात तर काहीतरी गोड बोलून परत याल."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात स्थिर होता. घड्याळजींना तेवढ्यावरूनच त्या पटल्या. "डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीनं नाकात उतरतं," त्या म्हणाल्या. "नळी तुंबली की गालावर येतं. मी कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडते. घशात चव आली की सांगा."

बधिर करायचा थेंब पडला. छतावरचा दिवा फुलला, पसरला, त्याचं तळं झालं. घड्याळजी त्या तळ्याकाठी निवांत बसले होते. बायको शेजारच्या स्टुलावर होती. कुठूनतरी लांबून आवाज आला, "मिठाची चव आली का?"

"मीठ बरोबर आहे," घड्याळजी म्हणाले.

आता ह्यात त्यांचा फार दोष नव्हता. लग्नानंतर चौथ्या दिवशी ते पहिल्या घासाला "मीठ कमी आहे" म्हणाले होते. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली नवी नवरी वळली, तर तिचे दोन्ही डोळे पाण्यानं भरलेले. घड्याळजींनी मुकाट्यानं ताट संपवलं. त्या दिवसापासून मीठ कधी चुकलंच नाही. अळणी असो, खारट असो, बरोबर. बायकोला वाटे, ह्यांना असंच आवडतं. एकदा तर मिठाऐवजी साखर पडली होती. तेव्हाही मीठ बरोबरच होतं, आणि तिला कळू नये म्हणून घड्याळजींनी पातेल्यातली भाजी एकट्यानं संपवली होती.

मिठाचं पाणी खरं तर उलटं फिरून गालावर ओघळलं होतं. पण तो गाल तीन महिने ओलाच. त्याची साक्ष कोण धरणार? डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, नळी मोकळी. मग पेन खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मनाला काही लागलंय का तुमच्या?"

स्टूल करकरलं. घरी येईपर्यंत बायको त्यांच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली.

तिसऱ्या दिवशी मेहुणा दुकानात हजर. "भाऊजी, ताई दोन दिवस जेवलेली नाही. तिचं काही चुकलं असेल तर मला सांगा, पण असं आतल्या आत कुढू नका."

"अरे, मला कसलंही दुःख नाही," घड्याळजी कळवळून म्हणाले, आणि नेमका त्याच क्षणी डोळा घळाघळा वाहायला लागला. मेहुण्यानं तोंडापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःचाच रुमाल काढून दिला.

त्या दुपारी बायकोनं ताट वाढलं. घड्याळजी जेवले. "मीठ?" तिनं सवयीनं विचारलं. "बरोबर आहे," ते सवयीनं म्हणाले. मग भावाच्या धाकानं तीही दोन दिवसांच्या उपासानंतर जेवायला बसली. एक घास घेतला. थांबली. दुसरा घेतला.

"अहो, ह्यात मीठच नाही. माझ्या डोक्यात तुमचाच विचार, टाकायचंच राहिलं."

घड्याळजींनी घाईनं पुढचा घास तोंडात घातला.

"तिथंही हेच केलंत ना? त्या डॉक्टरबाईंपाशी?"

घड्याळजींनी मान खाली घातली. डोळ्यातून एक थेंब ताटात पडला, तेवढंच काय ते भाजीला मीठ.

बायकोनं फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा यायला सांगितलं. "पण ह्या वेळी खरं उत्तर हवं," त्यांनी बजावलं. मग बायकोनं तालीम सुरू केली. टेबलावर तीन पेले मांडले, घड्याळजींना डोळे मिटायला लावले आणि एकेक पेला ओठाला लावला.

"हा?"

"बरोबर."

"हे साधं पाणी होतं. हा?"

"हाही बरोबर."

"अहो, तो रिकामा आहे."

घड्याळजींना घाम फुटला. जीभ खरं सांगत होती, पण समोर बायको उभी आहे म्हटलं की ओठ तीस वर्षांच्या वाटेनंच जात होते. बायकोनं तिन्ही पेले गोळा केले. मग काहीतरी उमगल्यासारखी म्हणाली, "परवा मी बाहेर बसते."

ती दाराबाहेर बसली. आत दिवा पुन्हा फुलला, तळं पुन्हा पसरलं, पण आज काठावर घड्याळजी एकटेच होते. "चव आली?"

"नाही," ते म्हणाले, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. "काहीच नाही. अगदी अळणी."

नळी बंद होती. मग शस्त्रक्रिया झाली. नाकाच्या बाजूच्या हाडात बारीकशी खिडकी करून पाण्याला नवी वाट काढून दिली. घड्याळजी गुंगीत होते. चाळीस घड्याळं पाण्यावर तरंगत लांब लांब चालली होती आणि ते काठावरून त्यांना हात करत होते.

काही आठवड्यांनी पुन्हा तीच परीक्षा झाली. बायको बाहेरच बसली होती. "खारट!" आतून घड्याळजींचा आवाज आला. "फारच खारट आहे हो." बाहेर बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला.

डोळा कोरडा झाला. मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ नव्या स्प्रिंगवर चालू झालं. पाकळ्यांचा दिवा मात्र गेला, आणि दोन-चार दिवस घड्याळजींना चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

मग एका दुपारी बायकोनं ताट वाढलं आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "सांगा."

घड्याळजींना तिची पाठ स्वच्छ दिसत होती. अंबाड्यात एवढे पांढरे केस कधी आले, हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांचा जीव गलबलला. तरी ते म्हणाले, "कमी आहे."

"एवढंच ना," ती भिंतीलाच म्हणाली. "मग तीस वर्षं का नाही सांगितलंत?"

घड्याळजींनी सगळं सांगून टाकलं. चौथा दिवस, पहिला घास, तिचे भरलेले डोळे. बायको वळली. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली.

"चौथ्या दिवशी? अहो, मी कांदा चिरत होते."

घड्याळजींनी तीस वर्षं मनातल्या मनात एकदा चाखून पाहिली. मग मिठाची बरणी स्वतःकडे ओढली.

"मग निदान त्या साखरेचं तरी मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"कुठल्या साखरेचं?" बायकोनं विचारलं.