समोरचा शेजारी येऊन बसतो

अमागासाकीपासून कोबेपर्यंत ‘काझेओनी’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या चौथ्या भागात आपल्याला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं कुसाकाचं ठाम मत होतं. या मताला एकच अपवाद होता आणि तो त्याला दर शुक्रवारी हरवायचा.

हा अपवाद कोण, ते कुसाकाला ठाऊक नव्हतं. इसोगाईबाईंच्या गेम सेंटरमध्ये मारामारीच्या खेळाची यंत्रं पाठीला पाठ लावून ठेवलेली. तुम्ही अलीकडे बसायचं, प्रतिस्पर्धी पलीकडे, मध्ये यंत्रांची भिंत. मार खाल्ल्यावर उठून पलीकडे डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार उघडून ‘आपलं नाव काय?’ विचारण्यासारखं. कुसाका सभ्य होता. दोन वर्षं त्याने मार खाल्ला, पण डोकावला नाही. त्या माणसाचं नाव त्याने ‘समोरचा’ ठेवलं आणि त्याच्याविषयी मनसोक्त संशय घेतला. मासळीवाल्याच्या दुकानाबाहेरच्या मांजरासारखा दबा धरून बसतो, आपण उडी मारली की खालून ठोसा देतो. सरळ माणूस असा खेळतो का?

मग इसोगाईबाईंनी सेंटर बंद करायचं ठरवलं. सगळी यंत्रं एक व्यापारी नेणार होता, फक्त कोपऱ्यातलं पहिल्या भागाचं यंत्र सोडून. ते त्याला फुकटही नको होतं. बाई कुसाकाजवळ आल्या नि म्हणाल्या की शनिवारी दुपारी तुम्ही दोघं त्या यंत्रावर खेळा, जो जिंकेल त्याने ते घरी न्यावं. मग वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तेच समोरच्याला सांगून आल्या.

कुसाकाला ते यंत्र हवंच होतं. शाळेत असल्यापासून त्याचा त्यावर डोळा होता. तो एका खोलीत राहायचा, म्हणून जागा करायला त्याने त्याच संध्याकाळी जेवणाचं टेबल भावाला देऊन टाकलं. रिवाजाप्रमाणे नंबर लावायला त्याने यंत्राच्या कडेवर आपलं नाणं ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं नाणं आलं. तिसऱ्या दिवशी तिसरं.

“खेळणारे दोघं आणि नाणी तीन?” कुसाकाने विचारलं.

“असेल कुणाचं,” बाई म्हणाल्या.

समोरच्याने दोन ठेवली, याबद्दल कुसाकाला शंका उरली नाही. का ठेवली, ते कळेना. पण म्हणूनच ते जास्त संशयास्पद होतं.

तो सरावाला बसला आणि चक्रावला. चौथ्या भागात सहा नाजूक बटणं. इथे भाताच्या वाडग्याएवढे दोन रबरी गोळे, जितक्या जोराने हाणाल तितका जोराचा ठोसा. चौथ्या भागात वीस योद्धे. इथे निवडायला एकच, दुसरा खेळाडू आला तर त्यालाही तोच, फक्त कंबरपट्टा लाल. चौथ्या भागात वादळी लाथ कुसाकाला झोपेतही मारता यायची. इथे ती शेजारच्या देवळातल्या जत्रेसारखी, यायची तेव्हाच यायची. आणि बसायला दोघांत मिळून एकच बाक.

त्याने यंत्राखाली वाकून बघितलं. मागे जाऊन वायरी हुंगल्या.

“बाई, याला कुणीतरी काहीतरी केलंय.”

“काही केलेलं नाही. पहिला भाग असाच आहे. तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, बनवणाऱ्यालासुद्धा.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर नुकागा जिना उतरून आले. खाली धपाधप सुरू झालं की वर ड्रिल हलतं, काल दाताऐवजी भलतीकडेच गेलं असतं, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार संपल्यावरही ते बराच वेळ यंत्राकडे रागाने बघत उभे राहिले. कुसाकाने माफी मागितली आणि ते गेल्यावर पुन्हा हाणायला घेतलं. गुरुवारपर्यंत त्याचा उजवा तळहात वाफवलेल्या पावासारखा फुगला. त्याने पट्टी बांधली आणि खोक्यांच्या कंपनीत कामावर गेला.

तिथे त्याचे विभागप्रमुख त्सुबोईसाहेब बसले होते. त्यांच्याही उजव्या तळहाताला पट्टी होती.

कुसाकाच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही. तिने तिथे बिऱ्हाडच केलं.

“साहेब, हाताला काय झालं?”

“दारात सापडला. तुझ्या?”

“माझाही दारातच.”

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. ऑफिसचं दार काचेचं होतं, माणूस जवळ आला की आपोआप बाजूला सरकायचं. वीस वर्षांत त्याने कुणाला स्पर्शही केला नव्हता.

त्यानंतर साहेबांचं वागणं बदललं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपणहून कुसाकाला एक संत्रं दिलं. कुसाकाने ते सोलून, आत काही नाही याची खात्री करून, तरीही खाल्लं नाही. मग तीनच्या सुमाराला साहेब टेबलाशी आले.

“शनिवारी हिमेजीला जाशील का? खोक्यांचा माल तपासायचाय.”

बरोबर शनिवारीच! कुसाकाने चेहरा खोक्यासारखा ठेवला.

“साहेब, शनिवारी मावशीचं वर्षश्राद्ध आहे.”

साहेबांनी त्याच्या पट्टीकडे पाहिलं. “असं. मग मीच जातो हिमेजीला. वरच्यांना तसं कळवतो.”

ते हिमेजीला जातायत म्हटल्यावर कुसाकाचा जीव भांड्यात पडला. साहेब बिचारे निरपराध होते. संत्रं उगाच वाया गेलं.

शनिवारी दुपारी तो वेळेआधीच बाकावर जाऊन बसला. मागे इसोगाईबाई हाताची घडी घालून उभ्या, आणि डॉक्टर नुकागाही, बहुधा शेवटची तक्रार करायला आलेले. दार उघडलं. तोंडाला मास्क, कपाळावर टोपी अशा वेशात एक गृहस्थ आत आले, बाकाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर बसले आणि त्यांचा खांदा कुसाकाच्या खांद्याला टेकला. दोन वर्षांत समोरचा पहिल्यांदाच शेजारी आला होता. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती.

“साहेब,” कुसाका म्हणाला.

त्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

“मावशी कशी आहे?” साहेबांनी विचारलं.

“वारलेलीच आहे, साहेब. हिमेजीला पाऊस आहे का?”

“असेल.”

नाणी पडली. पडद्यावर सारख्याच चेहऱ्याचे दोन योद्धे समोरासमोर उभे राहिले, एकाचा पट्टा पांढरा, एकाचा लाल.

कुसाकाने हात उगारला आणि तिथेच थांबवला. समोरच्याला मारणं वेगळं. भिंतीपलीकडे असतो तो. इथे साहेबांचा श्वास कानाला लागत होता. डिसेंबरचा बोनस त्यांच्या हातात होता, आणि मावशीही. त्याने हात मांडीवर ठेवला. मारू दे साहेबांना. जेवणाचं टेबल गेलं ते गेलं.

पण साहेब मारेनात. त्यांचेही हात मांडीवरच होते. का मारत नाहीत? दबा धरलाय! आपण हललो की खालून ठोसा येणार, दोन वर्षांची सवय आहे. कुसाका तसूभरही हलला नाही. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर साहेबही डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याच पांढऱ्या पट्ट्याकडे संशयाने बघत होते.

“मार ना,” साहेब हळूच म्हणाले.

“आधी आपण, साहेब.”

“अरे, मी आज इथे नाहीच. मी हिमेजीला आहे. हिमेजीतला माणूस तुला कसा मारणार?”

“मग मीही श्राद्धाला बसलोय.”

पडद्यावरचे दोघं मुठी आवळून एकमेकांकडे बघत राहिले. वरचं घड्याळ उतरत उतरत शून्यावर आलं. दोघांचा जीव जसाच्या तसा. कुसाकाने सुटकेचा श्वास सोडला. चौथ्या भागात बरोबरी झाली की आणखी एक फेरी मिळते. तेवढ्यात साहेबांशी काहीतरी ठरवता आलं असतं.

दोन्ही योद्धे एकदम आडवे पडले. पडदा काळा झाला.

“हे काय झालं?” दोघांनी एकदम विचारलं.

“पहिल्या भागात बरोबरी म्हणजे दोघंही हरले,” इसोगाईबाई म्हणाल्या. “पुढच्या भागांनी लाडावून ठेवलंय तुम्हाला. उठा आता. पुढचं नाणं कुणाचं?”

डॉक्टर नुकागा पुढे आले. त्यांनी उजव्या हातातला रबरी हातमोजा काढला. आत पट्टी होती. बाकावर ऐसपैस बसून त्यांनी गोळ्यावर एक दणका दिला आणि पहिल्याच फटक्यात वादळी लाथ निघाली. यंत्राने समोर उभा केलेला योद्धा पडद्याबाहेर गेला. तसं त्यांनी यंत्राच्या आणखी सात जणांना घालवलं. कुसाका वायरी बघायला मागे गेला, तर तिथे साहेब आधीच वाकलेले होते.

यंत्र आता डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे, बाहेर थांबणाऱ्या पेशंटांसाठी. खेळायला पैसे पडत नाहीत, पण पेशंट असावं लागतं.

कुसाका हल्ली उभ्यानेच जेवतो. ऑफिसात त्या शनिवारविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. फक्त दर शुक्रवारी संध्याकाळी त्याची डावी दाढ ठणकायला लागते, आणि तो जिना चढून वर जातो, तेव्हा गाल धरून बसलेले त्सुबोईसाहेब बाकावर थोडे सरकून त्याला जागा देतात.