बर्फातला जवाई

अमरावतीत मे महिन्याच्या दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. अशा वेळी आमचे शेजारी गुणवंतराव स्वेटर घालतात. पूर्ण बाह्यांचा, मेंदी रंगाचा. वरून मफलर. मग कूलर लावून टीव्हीसमोर बसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, याला थंडी वाजून ताप आला. कपाळाला हात लावून पाहिला, तर हात झटकून म्हणाला, "हात काढ ना बे! थो बिचारा बर्फात उभा आहे, अन् आपून काय बनियनवर बसाव?"

थो म्हणजे डेन्मार्क देशाचा एक नट. त्याचं नाव मला लिहिता येत नाही अन् गुणवंताला बोलता येत नाही. म्हणून आम्ही त्याला जवाई म्हणतो. कारण सिरियल कोणतीही असो, हा कोणाच्याही घरात शिरतो, खुर्ची ओढून बसतो, तोंड पाडून सगळ्यांकडे बघतो, अन् घरचे लोक घाबरून कॉफी करतात.

गुणवंता बसकंडक्टर होता. सारी नोकरी अमरावती-अकोला. त्यामुळे जग त्याला थांब्यांनीच कळतं. डेन्मार्क कुठं आला विचारलं, तर म्हणाला, "जर्मनीले उतराचं, तिथून वर. सीट भेटत नाही, उभ्यानं जा लागते."

आता माझं सांगतो. मी महादेव, चौथी शिकलो. भातकुलीला शेवंती-झेंडू लावला अन् विकला. माझी बायको सुमित्रा फाल्गुनात गेली. मग लोक बसायला यायचे. येणारा प्रत्येक जण चहा पिऊन एकच बोलायचा, "गेली बिचारी." अरे, मला माहीत नाही काय? तेवढं ऐकलं की छातीत दगड पडायचा. घरात बसणं मुश्किल झालं. एक दिवस कोणाचं तरी "गेली" सुरू झालं, अन् मी मागच्या दारानं पळून गुणवंताकडे गेलो. तो एकटा हे बोलला नाही. म्हणाला, "स्वेटर नाही आणला? मंग ते शाल घे. चाल, डबल बेल!" अन् सिरियल सुरू.

तेव्हापासून मी रोज जातो.

गुणवंता घरात एकटाच. त्याची बायको कुसुम अकोल्याला माहेरी आहे. भांडण कशावरून झालं हे आता दोघंही विसरले असतील. गल्लीत कोणी चिडवलं, "काय गुणवंतराव, वैनी कधी येते?" तर याचं उत्तर ठरलेलं. "येते ना. पुढच्या हप्त्यात." हा पुढचा हप्ता गल्लीतली पोरं बाप झाली तरी आला नाही.

जवाईचं कौतुक तो कंडक्टरसारखंच करतो. मी म्हटलं, "काय चेहरा आहे गड्या याचा." तर माझ्यावरच डाफरला.

"तोंड कायले पाह्यतं? पाय पाह्य, पाय! पोलिस झाला की टाच टेकवून चालते. पोस्टमन झाला की चवड्यावर. तोंड तेच, पण माणूस बदलला का नाही? बसमधी ज्यानं तिकीट नाही काढलं, त्याची टाच उचलेल राह्यते. म्या तोंडं कधी पाह्यलीच नाही."

मी पाहू लागलो. खरंच की! बंदरावरच्या गावातला पोलिस झाला की हा असा चालतो जसा अंगावर ओलं पोतं आहे. अन् तोच माणूस दुसऱ्या सिरियलीत बदकाला भिणारा पोस्टमन. मोठं पांढरं बदक, मान लांब करून मागे लागलं. हा सायकलवर, बदक मागे. हा तळ्यात, वरून सायकल, त्यावर बदक. आम्ही दोघं म्हातारे इतके हसलो की गुणवंताची कवळी मफलरात पडली. ती शोधताना अजून हसलो. फाल्गुनापासून मी हसलो नव्हतो. एकदम लाज वाटून चूप झालो. गुणवंतानं माझ्याकडे पाहिलं, कवळी बसवली, अन् तेच बदक मागे नेऊन परत लावलं.

त्यांची भाषा कोणालाच कळत नाही. खाली इंग्रजीत लिहून येतं. गुणवंता तेवढं इंग्रजी वाचतो अन् मला मोठ्यानं सांगतो. "काहून बे, लाश कुठं लपवली?" "मले काय मालूम साहेब, मी तं मच्छी विकून राह्यलो!" डेन्मार्कचे पोलिस आमच्याकडे खास वऱ्हाडीत दम देतात.

एकच गोष्ट मला खटकायची. त्या मुलुखात खून रोज पडतो. पण जवाईची बायको कुठंच दिसत नाही. पोलिस असो का पोस्टमन, घरी एकटाच. एकटाच अंडं फोडतो, एकटाच खातो.

"याची बायको कुठं आहे रे?"

"माहेरी गेली."

"याही सिरियलीत?"

"तिकडच्या बायका लय राह्यते माहेरी. थंडी आहे ना."

एकदा जवाई बर्फात एका दगडासमोर फुलं ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, "फुलं शिळी आहे. फसवलं याले. हे काय करून राह्यला?"

"देवाचं ठाणं आहे. नवस बोलून राह्यला, बायको लवकर येऊ दे म्हणून."

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी मुलगी वंदना अकोल्याहून आली. आईच्या नावाची पहिली घागर भरायची होती. पूजा झाली, रस-पोळी झाली. दुपारी मी गुणवंतासाठी ताट घेऊन गेलो, तीही आली. तिला पाहून गुणवंता त्या सिरियलीतल्या लोकांसारखा घाईघाईनं कॉफी करायला आत पळाला. टीव्हीवर तोच भाग पुन्हा लागला होता. जवाई देवाच्या ठाण्यावर उभा.

मी वंदनाला समजावलं, "नवस बोलून राह्यला थो. बायको माहेरी आहे."

"कायचा नवस, बाबा? थडगं आहे ते. खाली लिहेल आहे ना. 'तुले जाऊन चार वर्सं झाली' म्हणते. बायको मेली त्याची."

"चूप."

"मंग काका तुमाले..."

"चूप म्हटलं ना, वंदे!"

गुणवंता कप घेऊन आला. "काय म्हणते पोरगी?"

"म्हणते, जवाई चांगला भेटला."

घरी येऊन मी एकेक बायको आठवली. बंदरावरच्या पोलिसाची, पोस्टमनची, अजून दोघातिघांची. गुणवंतानं एकही मरू दिली नव्हती. बायको घरात नाही, याचं त्याला सुचलेलं सगळ्यात चांगलं कारण एकच. माहेरी गेली. तिथून बाई परत येऊ शकते.

वंदना गेली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी पोहोचलो. शाल घेतली. जवाई पुन्हा त्या दगडासमोर आला. गुणवंता लगेच म्हणाला, "नवस बोलून राह्यला." मी पहिल्यांदाच गुणवंताच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही टाचा उचललेल्या.

मी विचारलं, "किती दिवस झाले रे तिले माहेरी जाऊन?"

तो पडद्याकडेच बघत होता. "वीस वर्सं," म्हणाला. मग दचकला. "म्हंजे... त्या बाईले."

"होय, त्या बाईलेच," मी म्हटलं. "येईल. अकोल्याची गाडी लेटच राह्यते."

एवढ्या उन्हात त्यानं स्वेटरचं वरचं बटण लावलं, जिभेनं टिंग टिंग केलं अन् पुढचा भाग लावला.

वीस वर्सं म्हणताना त्याच्या टाचा जमिनीवर होत्या.