अक्षतांतले मोती

शिवानीच्या लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताला थोडाच वेळ उरला असताना, महानंदाबाईंनी फडताळावरचा डालड्याचा डबा काढला आणि आत हात घातला. डबा रिकामा होता.

"अवो, ह्यातले तांदूळ कुठं गेले?"

त्यांचे यजमान, मोंढ्यातले धान्याचे आडते महारुद्रअप्पा, फेटा सावरत दारात उभे राहिले. "अक्षतात घातले की. नुसती ज्वारी बरी दिसती का? परळीचे व्याही हैत. जरा तांदूळ दिसाय पायजेत म्हनलं."

"त्यात माझे मोती होते!"

"तांदळात? मोती कावून ठिवलेते तांदळात?"

त्याला कारण होतं. महानंदाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी हैदराबादेहून मोत्यांचा सर आणला होता, धोतराच्या सोग्यात बांधून, एसटीत रात्रभर जागं राहून. सोनं लखलखतं आणि गप्प बसतं, पण मोती अंगाची ऊब घेतो, घालणारीच्या रंगात मिसळतो, असं ते सांगायचे. तांदळात ठेवला तर त्याचं पाणी उतरत नाही, हेही त्यांचंच सांगणं. वडील गेले, पण सर तांदळात राहिला. आईच्या पाठवणीला घातलेला तो सर लेकीनं तिच्या पाठवणीला घालायचा, असं शिवानी परकरात होती तेव्हापासून ठरलेलं होतं. जुना दोरा कुजला म्हणून महानंदाबाईंनी तो कापून मोती सुटे करून ठेवले होते. ते नव्यानं ओवायला आसाराम पटवेकरी सकाळपासून ओट्यावर रेशमी दोरा घेऊन बसला होता आणि त्याचा तिसरा चहा चालला होता.

"मूठभर माल बघून शिवार सांगता तुमी," महानंदाबाई रडवेल्या झाल्या. "अन् मोती दिसले न्हाईत?"

"बारीक मोती अन् टपोरी ज्वारी, त्यात कुंकू कालवलेलं. समदंच गुलाबी! मोंढ्यात कुनी मोती घालतंय का आडतीला?"

दोघं मांडवात धावली तेव्हा अक्षता वाटून झाल्या होत्या. वाटल्या होत्या शेजारधर्म म्हणून मांडवात आलेल्या सुभद्राबाईंनी. ह्या सुभद्राबाईंशी महानंदाबाईंचा जुना अबोला. कधीकाळी हळदीकुंकवात त्या म्हणाल्या होत्या, "मोती कशाचे, काचंचे असतील." तेव्हापासून दोघींमध्ये भिंतीइतकंच नातं उरलं होतं. पण आता इलाज नव्हता. महानंदाबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अक्षतात माझे मोती गेलेत. कुनाला बोलू नका."

"माझ्या तोंडातनं शब्द जायचा न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या.

पहिलं मंगलाष्टक संपेपर्यंत बायकांना कळलं, दुसऱ्यापर्यंत पुरुषांना. तिसऱ्याला वाजंत्री मूठ उघडून बघत होते. खरा मोती दातावर खरखरतो, हे कुणीतरी सांगितल्यावर तर कहर झाला. नवऱ्या मुलाचे मामा मोहनराव, परळीतले वजनदार गृहस्थ, एकेक दाणा दाताखाली घालून बघायला लागले आणि कुंकवानं त्यांच्या मिशा लाल झाल्या. नवा व्हिडिओवाला डोळे दिपवणारा दिवा घेऊन सगळीकडे फिरत होता आणि जिकडे जावं तिकडे त्याला माणसं ज्वारी चावताना दिसत होती.

लग्न लावणाऱ्या स्वामींनी आवाज चढवला, "शुभमंगल सावधान!"

एक दाणा पडला नाही.

स्वामींनी डोळे उघडले. पुन्हा म्हणाले, "सावधान!" लोक सावधच होते. सगळ्यांच्या माना आपापल्या मुठींवर वाकल्या होत्या.

अंतरपाटाआड शिवानी खाली मान घालून उभी होती. डोक्यावर काहीतरी पडायची वाट बघत. तिनं हळूच डोळे वर केले आणि आईकडे बघितलं. ज्या लेकीसाठी मोती जपले, तिच्या डोक्यावर मोत्यांपायी एक अक्षता पडू नये?

"टाका!" त्या ओरडल्या. "मोती गेले तर जाऊ द्या! माझ्या लेकरावर अक्षता टाका!"

त्यांनी ताटातली मूठ उचलून स्वतःच आधी टाकली. मग सगळा मांडव भानावर आला. अक्षतांचा असा मारा झाला की स्वामींच्या चष्म्याची काच तडकली.

जेवणं झाल्यावर आसारामनं सतरंज्या झटकल्या, बायकांनी सगळी धूळ सुपातून पाखडली. अर्धे मोती सापडले. अर्ध्यांचा सर काय ओवणार? शिवानी मोत्यांविनाच सासरी गेली. "मांडवपरतणीला माहेरी येशील तवा बघू," आई म्हणाली आणि वडिलांच्या आठवणीनं घरात येऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. "माझ्या पदरात अडकलता, वैनी." "पोराच्या खिशात घावला." नवरीला ताटकळत ठेवल्याची लाज सगळ्यांच्या तोंडावर होती आणि मोती आपल्याकडे राहिला असा संशय कुणालाच नको होता. मांडवपरतणीच्या सकाळी आसारामनं सर ओवला आणि गोंधळून वर बघितलं.

"बाई, ह्यो तर पयल्यापेक्षा लांब झालाय."

"ज्वारीत पडले म्हनून वाढले का काय?" अप्पा म्हणाले.

महानंदाबाईंनी सर हातात घेतला. वडिलांचे मोती त्यांना डोळे मिटून ओळखता आले असते. हा पिवळसर त्यातला नव्हता. हा चपटाही त्यातला नव्हता. कुणी कुडीतला काढला होता, कुणी बुगडीतला. त्यांचे डोळे भरून आले.

लग्नाची ती कॅसेट अजून आहे, पण ती लावायचं यंत्र आता कुणाकडेच नाही. सर मात्र शिवानीच्या गळ्यात आहे.

त्या सकाळी आसाराम सराची शेवटची गाठ मारणार एवढ्यात सुभद्राबाई दारातून आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हा उंबरा ओलांडला होता. त्यांनी मूठ उघडली. टपोरा, दुधासारखा मोती.

"आमच्या मोरीत घावला. तुमचाच असंल."

महानंदाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नाकातल्या नथीत मधोमध नुसती तार होती.

"सुभद्राबाई, तुमच्या नथीतला—"

"पडला असंल कुठंतरी," सुभद्राबाई घाईनं म्हणाल्या. "तुमी तुमचा बघून घ्या. काचंचा न्हाई ना?"

महानंदाबाईंनी मोती दातावर घासून बघितला. "खरा हाय," त्या म्हणाल्या, आणि सरकून त्यांना बसायला जागा केली.