खंडेनवमीचा काळा थेंब

"माझं नाक पोलिसांच्या कुत्र्यापेक्षा तेज आहे, आणि मला पट्टा लागत नाही. माझी नजर भिंतीपलीकडचं पाहते. समोरचा माणूस खोटं बोलणार हे त्याला स्वतःला सुचायच्या आधी मला कळतं. अशा माणसाला लोक डिटेक्टिव्ह म्हणतात. मी त्यांना अडवत नाही."

यशवंतराव स्वतःची ओळख अशी करून देतात. समोर कोण आहे याच्याशी तिचा काही संबंध नसतो. परवा त्यांनी ती गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला करून दिली आणि तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. लोक त्यांना डिटेक्टिव्ह म्हणतात, ही बातमी अजून लोकांपर्यंत पोचलेली नाही. निवृत्त होण्यापूर्वी ते एका सरकारी खात्यात चौकशी विभागात होते. तिथे त्यांनी पुष्कळ चौकशा सुरू केल्या. एखादी संपवल्याचा आरोप मात्र त्यांच्यावर कधी झाला नाही.

ते माझे भाऊजी, इंदूताईचे यजमान, आणि मी सुशील, त्यांचा सहायक. या पदासाठी मी अर्ज केला नव्हता. पण बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, आणि भाऊजींना या पद्धतीची पूर्ण कल्पना आहे. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, पण तपासावर निघाले की एकदम शुद्ध मराठी सुरू करतात. ती ऐकली की इंदूताई उठून आत जाते.

यंदाची केस माझ्याच गाडीची होती. खरं म्हणजे गाडी माझ्या सासऱ्यांची. आम्ही सगळे रायपूरला, पांडुरंगबाबा नागपूरला असतात. डोळे अधू झाल्यावर त्यांनी गाडी मुलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शर्मिष्ठाच्या हवाली केली. पण गाडी आपल्याकडे होती तोवर त्यांनी तिचं ऑइल कुठल्या गॅरेजात बदलू दिलं नव्हतं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते स्वतः गाडीखाली शिरायचे आणि फ्रॉकातली शर्मिष्ठा बाहेर बसून त्यांना स्क्रू-पाने देत राहायची. गाडी देताना त्यांनी एकच मागितलं होतं. दसऱ्याला ती नागपूरला आणायची, हार ते स्वतः घालणार. गाडी आमच्याकडे आल्यानंतरचा हा पहिलाच दसरा होता, आणि शर्मिष्ठा नवरात्र बसल्यापासून रोज फोनवर "हो बाबा, आणून राहिलो" म्हणत होती.

ऑइल घरीच बदलायचं ठरलं. मला पाना आणि सांडशी यांतला फरक सांगता येतो, त्यापुढे माझी गती नाही. तेव्हा इंदूताईनं मोठ्या मनानं आपला नवरा देऊ केला.

दुकानात भाऊजींनी ऑइलचा डबा हातात घेतला आणि संशयिताकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. त्यावर फाइव्ह डब्ल्यू थर्टी लिहिलं होतं.

"यातला डब्ल्यू कशाचा, सुशील?"

"थंडीचा असतो म्हणे. थंडीत ऑइल किती पातळ राहतं, ते त्या आकड्यावरून कळतं."

"रायपुरात थंडी?" भाऊजी हसले. "म्हणजे हा डबा बाहेरचा आहे. इथं कशासाठी आला, हा प्रश्न आहे."

"साहब," दुकानदार म्हणाला, "गाड़ी की किताब में जो नंबर लिखा है, वही ले लो. बात ख़त्म."

"किताब तो कोई भी पढ़ लेता है," भाऊजी म्हणाले. त्यांनी घट्ट ऑइल आणि पातळ ऑइल, साधं आणि सिंथेटिक, सगळ्यांची उलटतपासणी घेतली. दोन डबे हुंगले. तेवढ्यात शर्मिष्ठानं गाडीच्या पुस्तकातला नंबर मला फोनवर कळवला आणि मी तो डबा काउंटरवर ठेवला. थोड्या वेळानं भाऊजी तर्कानं त्याच डब्यापाशी येऊन पोचले. फिल्टर निवडताना तर त्यांनी एकेक कानापाशी धरून टरबुजासारखा वाजवला. शेवटी या गाडीला जो बसतो तो एकच होता, तो त्यांनी निवडला. तेव्हा ऑइल बरोबर होतं आणि फिल्टरही बरोबर होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. भाऊजींनी ठेवलं नाही.

खंडेनवमीला सकाळी आम्ही त्यांच्या समता कॉलनीतल्या घरी गेलो. पोर्चमध्ये पाटावर पाने, स्क्रू-ड्रायव्हर, विळी आणि मधोमध नवा फिल्टर, अशी पूजा मांडलेली होती.

"आज पुजलेल्या हत्याराले हात लावत नसतात," इंदूताई म्हणाली.

"फिल्टर हे हत्यार नाही. तो सुटा भाग आहे."

"मग त्याची पूजा काहून करून राहिले?"

भाऊजींनी हा प्रश्न पुढील चौकशीसाठी राखून ठेवला. जुनं ऑइल निघालं, जुना फिल्टर निघाला. नवा बसवण्याआधी त्याच्या रबरी रिंगेला बोटानं नवं ऑइल चोळायचं असतं, म्हणजे ती नीट चिकटून बसते. हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं आणि मन लावून चोळलं. तेवढ्यात इंदूताई हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आली आणि तिनं फिल्टरला एक बोट लावलं.

"नुसतं कुंकू?" भाऊजी दुखावले. "अक्षता कुठे आहेत?" आणि ताटातल्या मूठभर अक्षता त्यांनी लग्नात टाकतात तशा फिल्टरवर टाकल्या. मग नमस्कार केला आणि गाडीखाली गेले.

"भाऊजी, फिल्टर हातानंच आवळा, पाना नका लावू," शर्मिष्ठा सहज म्हणाली. "रिंग फाटते."

गाडीखालून हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. नंतर कळलं की त्या क्षणी तिचं नाव संशयितांत गेलं होतं.

नवं ऑइल भरून, हात धुऊन मी आणि भाऊजी गाडी चालवून पाहायला नव्या रायपूरकडे निघालो. तिथले रस्ते इतके रुंद आणि इतके मोकळे आहेत की एखादी बस दिसली तर लोक हात करतात, बसायचं नसलं तरी. मी रोज तिथं कचेरीत जातो. भाऊजी सारखे आरशात पाहत होते.

"मागे कोणी नाही. याचा अर्थ कळतो?"

"कोणी नाही असाच ना?"

"म्हणजे पाठलाग करणारा माणूस कसलेला आहे."

परत येऊन गाडी पोर्चमध्ये लावली, चहा झाला, आणि शर्मिष्ठानं गाडीखाली बोट दाखवलं. फरशीवर काळा थेंब होता. आम्ही पाहत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा पडला.

तिचा चेहरा उतरला. नागपूर इथून सहज पाच तासांचं आहे. थेंब थेंब करत ऑइल संपलं तर इंजिन मधेच बसणार, आणि बाबा फाटकात हार घेऊन. भाऊजी मात्र खुलले. त्यांच्या कारकिर्दीत प्रत्यक्ष गुन्हा प्रथमच घडला होता.

पहिला सिद्धान्त असा की ऑइल बनावट. पुरावा म्हणून भाऊजींनी थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि चाखायला निघाले, तेव्हा इंदूताईनं हात धरला. दुसरा सिद्धान्त असा की थंडीचं ऑइल उन्हात वितळलं. त्यावर मी विचारलं की ऑइल आधीपासूनच वितळलेलं असतं ना. त्यांनी मला फडकं आणायला पाठवलं.

मी आलो तेव्हा तिसरा सिद्धान्त फाटकात उभा होता. लहानू मिस्त्रीचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याला वाटेवर पडलेले थेंब दिसले म्हणून तो आपणहून विचारायला आला होता.

"काही गळून राहिलं का साहेब? खाली वाकून पाहू का?"

"आपणास कोणी बोलावलं?"

"कोणी नाई."

"तरी आलात." भाऊजींनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. "आम्ही घरी ऑइल बदललं, यात आपलं नुकसान झालं. खरं की नाही?"

"हव, झालं थोडं," लहानू म्हणाला. "पाहू का खाली?"

"कबुली नोंदवली," भाऊजी म्हणाले. "गाडीपासून लांब बसा." ज्या माणसानं वाकून पाहिलं असतं तर चहा गार व्हायच्या आत प्रकरण मिटलं असतं, त्याला त्यांनी खुर्चीत बसवून ठेवलं. लहानूही बसला, कारण इंदूताईनं चिवडा आणला होता.

संध्याकाळी भाऊजींनी आम्हा सगळ्यांना बैठकीत गोल बसवलं. इंदूताईनं आत कुकर लावला होता, म्हणून ती दारात उभी होती. भाऊजी हात मागे बांधून फेऱ्या मारू लागले.

"लहानू निर्दोष आहे," ते म्हणाले. लहानूनं चिवड्याची बशी खाली ठेवली नाही. "गुन्हेगाराला तीन गोष्टी लागतात. ज्ञान, संधी आणि हेतू. फिल्टर हातानं आवळतात, हे ज्ञान या घरात कोणाकडे होतं? आम्ही हात धुवायला गेलो तेव्हा गाडीपाशी कोण होतं? आणि जुनी गाडी बिघडली तर नवी कोणाला मिळेल?"

सगळ्यांनी शर्मिष्ठाकडे पाहिलं. मीही पाहिलं, याची मला आजही लाज वाटते.

"बस झालं, भाऊजी," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्यांना अडवायची ही माझी पहिलीच वेळ होती.

"सहायकानं भावनेच्या आहारी जाऊ नये."

शर्मिष्ठा चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली. "भाऊजी, बाबाले धड दिसत नाई. उद्या सकाळपासून ते फाटकात बसून गाडीचा आवाज ऐकत राहतील. त्यांची गाडी मी बिघडवन?" ती पदर सावरून उठली. "मी सकाळच्या रेल्वेनं जातो. तुम्ही तपास करा."

भाऊजींच्या फेऱ्या थांबल्या. स्वयंपाकघरातून नुसतं फुसफुस ऐकू येत होतं. कुकरला शिटी होत नव्हती, वाफ कडेनंच चालली होती.

"थांब जराशी," इंदूताई शर्मिष्ठाला म्हणाली आणि आत गेली. कुकर नळाखाली धरल्याचा आवाज आला, झाकण निघालं, पुन्हा बसलं, आणि लगेच खणखणीत शिटी झाली. इंदूताई बाहेर आली ती तर्जनीवर काहीतरी घेऊन.

"रिंगेले तांदूळ चिकटला होता," ती म्हणाली. "एवढ्याशा दाण्यानं सारी वाफ बाहेर." मग ती बोटाकडे पाहत राहिली, आणि नंतर नवऱ्याकडे. "अहो, सकाळी तुम्ही फिल्टरवर अक्षता टाकल्या, तवा रिंगेले ऑइल लावून झालं होतं का?"

भाऊजी आपल्याच बोटांकडे पाहू लागले. तीस वर्षं चौकशा करूनही आपल्याला कोणी प्रश्न विचारला तर काय करायचं, हे त्यांना खात्यानं शिकवलं नव्हतं.

लहानू उठत होता, पण शर्मिष्ठा त्याच्या आधी पोर्चमध्ये पोचली. तिनं गाडीखाली परात सरकवली, पदर खोचला आणि आत शिरली. मी टॉर्च धरला. फिल्टर तिच्या हातानंच सुटला. तिनं तो उजेडात धरला, तर काळ्या रिंगेत कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता, आणि पलीकडे त्याचा जोडीदार. तिनं ते नखानं काढले, इंदूताईचं कुकर पुसायचं फडकं घेऊन रिंग आणि इंजिनावर ती टेकते ती जागा पुसली, ऑइलचं बोट फिरवलं आणि फिल्टर हातानं आवळला. सांडलं तेवढं ऑइल वरून घातलं. इंजिन बराच वेळ चालू ठेवून आम्ही सगळे फरशीकडे पाहत बसलो. फरशी कोरडी राहिली.

"म्हणजे गुन्हेगार तांदूळ होता," भाऊजी म्हणाले.

"तांदूळ आपल्या पायानं नाई गेला," इंदूताई म्हणाली आणि भात वाढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नागपूरला निघालो. शर्मिष्ठा भाऊजींशी राजनांदगावपर्यंत बोलली नाही, आणि पुढे भंडाऱ्यापर्यंतही नाही. भाऊजींनी वाटेत एकही तर्क केला नाही. एका ढाब्यावर त्यांनी मुकाट्यानं तिच्यासाठी चहा आणला. तो तिनं घेतला, पण आभार मानले नाहीत.

पांडुरंगबाबा फाटकातच बसले होते. मांडीवर झेंडूचा हार होता. गाडी वळली तेव्हा आमच्याआधी त्यांना आवाज ओळखू आला आणि ते उठून उभे राहिले. त्यांनी हार चाचपत गाडीला घातला. मग इंजिन निवल्यावर गुडघे धरून खाली बसले, हात आत घालून फिल्टरवर बोटं फिरवली आणि ती नाकाशी नेली.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "चांगला बसवला. कोणं केलं, यशवंतराव, तुम्ही?"

भाऊजींनी खाकरून मान ताठ केली. मला वाटलं, आता पोलिसांच्या कुत्र्यापासून सुरुवात होणार. इंदूताईनं तर डोळेच मिटले. पण ते बोलले ते शुद्ध मराठीत नव्हे.

"तुमच्या पोट्टीनं केलं, बाबा," ते म्हणाले. "मी फक्त गुन्हा केला."

बाबांना त्यातलं निम्मं कळलं नाही. त्यांनी धुळीनं माखलेल्या बोटांचा हात चाचपत शर्मिष्ठाच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर भाऊजींनी पूजेचं ताट उचललं, तेव्हा तिनं त्यातलं आपट्याचं पहिलं पान घेऊन त्यांच्या हातात दिलं.

"सोनं घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "अन् अक्षतांचं ताट इकडं द्या. ते मी धरतो."