टाक्याभोवती लाल दोरी

बाळांनो, एका जंगलात एक जुना किल्ला होता. किल्ल्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. उन्हाळ्यात ओढे आटले की सगळं जंगल तिथेच प्यायला चढायचं.

जंगलाचे राजे सिंहमहाराज एकदा शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून जाऊन आले. तिथे किल्ल्यात आधुनिक कलेचं संग्रहालय होतं. महाराजांना त्यातलं काहीच कळलं नाही, त्यामुळे ते फार भारावून गेले. आल्या आल्या हुकूम सुटला, "आपल्याकडेही हवं!"

संचालक म्हणून बगळा नेमला गेला. तो पांढराशुभ्र होता आणि एका पायावर तासन् तास गप्प उभा राही. मोठा कलावंत व्हायला आणखी काय लागतं?

दारूगोळ्याच्या कोठारात एक मोडकं घरटं मांडलं गेलं. तोफेच्या तोंडात बोरू खोवले गेले. आणि टाक्याभोवती लाल दोरी बांधून पाटी लागली: ‘स्तब्ध. कृपया तरंग उठवू नयेत.’

उद्घाटनाला पोपट आले. ते जंगलाचे वार्ताहर. शहाळी पिऊन, भेटीच्या पिशव्या घेऊन त्यांनी बगळ्याचं भाषण जसंच्या तसं छापलं. त्यांच्यात त्याला समीक्षा म्हणतात.

उन्हाळा लागला. ओढे आटले. येसाई नावाची सांबरीण किल्ला चढून आली. तिचं पाडस अजून अंगावर पीत होतं आणि तिचं दूध आटत चाललं होतं.

"बगळेसाहेब, दोरी काढा. प्यायचंय."

"आज स्थानिकांना प्रवेश मोफत आहे, बाई. हवं तितकं बघा."

"बघून दूध येतं होय?"

"तुमची दृष्टी फार उपयुक्ततावादी आहे."

"असेल. सरका बाजूला."

येसाई दोरीखालून गेली आणि पोटभर प्यायली. तिच्यामागून ससे, रानडुकरं, गवे, सगळे प्यायले. टाकं तळाला गेलं.

"संस्कृतीवर हल्ला!" पोपट किंचाळले.

महाराजांनी शिक्षा फर्मावली, "लांबच्या नदीवरून पाणी आणा आणि कलाकृती होती तशी करा. सगळ्यांनी!"

सगळे निघाले. नदीला पाणी होतं, काठाला गवत होतं आणि कुठेही पाटी नव्हती.

"मी काही परत चढायची नाही बाई," येसाई म्हणाली.

कोणीच चढलं नाही.

जंगलात आता शिकार उरली नाही. नदीपर्यंत चालायची महाराजांना सवय नव्हती. भुकेने कासावीस होऊन ते संग्रहालयात आले. बगळ्याने लगबगीने एक कोरी चौकट दाखवली.

"हरीण, महाराज."

"कुठंय?"

"हरणाचं नसणं रंगवलंय."

"वा," महाराज म्हणाले, आणि प्रथमच कलावंताकडे निरखून पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी पोपटांनी ठळक बातमी दिली: ‘ख्यातनाम कलावंत दीर्घ परदेश दौऱ्यावर’.

तात्पर्य: कला पाण्यापेक्षा मोठी असते, असं चारचौघांत नेहमी म्हणत जावं, बाळांनो. फक्त राजाची जेवणाची वेळ झाली की तिथे थांबू नये.