शेवटच्या पानावरची चिठ्ठी

बिनपगारी कामात चुका नसतात, जिव्हाळा असतो. चूक व्हायला पगार लागतो. प्रार्थनागृहाच्या तळमजल्यावरच्या ज्यू ग्रंथालयाने हे तत्त्व वर्षानुवर्षे पाळले, कारण ते मावशी फुकट सांभाळत. (मावशी नक्की कोणाच्या, याची नोंद नाही.) पुस्तके त्या माणसे बघून लावत: भांडलेल्या दोन घरांनी दिलेले ग्रंथ शेजारी ठेवायचे नाहीत, गुडघेदुखीवाल्यांच्या आवडीचे खालच्या फळीवर नाहीत. या पद्धतीत एकूण सात पुस्तके हरवली. पैकी पाच ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांच्या घरी सुखरूप आहेत.

मग समितीला आधुनिकतेची लहर आली आणि सहा महिन्यांच्या बोलीवर पगारी ग्रंथपाल आली. पोर पदवीधर, कामाला वाघ. तिने प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिला आणि परतीच्या तारखेची चिठ्ठी रीतसर पहिल्या पानावर डकवली. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून पुस्तकही आपल्या उलट बाजूने उघडते, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हते. सबब दोनशे बारा ग्रंथांची चिठ्ठी शेवटच्या पानावर गेली.

तिला कायम करायचे की नारळ द्यायचा, हे ठरवायला समिती आली. अध्यक्षांनी नेमके हिब्रू पुस्तक उघडले. चिठ्ठी सापडेना. सापडली तेव्हा त्यांच्या भुवया टकलापर्यंत गेल्या, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ही पोर गेलेली मावशींना हवीच असणार, असा समितीचा अंदाज होता. मावशींचाही होता.

"मुद्दामच लावलीय तिथे," मावशी म्हणाल्या. "वाचून झालं की मग तारीख दिसते. पहिल्याच पानावर माणसाच्या मागे कशाला लागायचं? हिचीच युक्ती."

अध्यक्षांची पाचही पुस्तके वाचायची राहिली होती. त्यांना युक्ती मनापासून पटली. लगेच ठराव झाला: 'इतक्या आपुलकीच्या कामाला पगार देणे हा त्या कामाचा अपमान होय. सबब सदर ग्रंथपालास स्वयंसेवकपदी बढती देण्यात येत आहे.' टाळ्या पडल्या.

"मावशी, हे काय झालं?" पोरीने हळूच विचारले.

"माझं झालं होतं तेच, बाळा. मीसुद्धा पगारावरच आले होते."

हा ठराव ज्यांना अन्यायाचा वाटेल, त्यांनी समितीकडे लेखी तक्रार जरूर करावी. त्यासाठी कागद, पेन आणि चष्मा लागेल. ते घरात कुठे ठेवलेत हे ज्या बाईला विचाराल, तिचे पद व पगार तक्रारीत नमूद करावा.